किती टक्के नको, किती फूट ते सांगा

गेल्या नोव्हेंबरात कोल्हापूरच्या राजारामपुरीत आमची भिशी होती. बाहेर स्वेटर घालायची थंडी. आमच्यातल्या एका वहिनींनी मिसळीचे दोन घास खाल्ले असतील-नसतील, उठल्या आणि पंखा पाचवर केला. चेहरा लालबुंद, कानशिलं घामानं ओली. बाकीच्यांनी मुकाट्यानं पदर अंगाभोवती ओढून घेतले. विषय बदलायला म्हणून एकीनं मोबाइलवर आलेला निरोप वाचला, तर तोही नेमका तोच विषय, पाळी जातानाच्या त्रासाचा : ‘अमेरिकेने हार्मोनच्या गोळ्यांवरचा धोक्याचा इशारा काढला, आता गोळ्या पूर्ण सुरक्षित!’ लगेच दुसरी म्हणाली, “काय तरी वाचू नका. माझ्या नणंदेला डॉक्टरांनी साफ नाही म्हणून सांगितलंय. कॅन्सर होतोय त्यानं.”

पंखा लावणाऱ्या वहिनींनी दोघींकडं बघितलं. “मग मी करायचं काय?”

त्या निरोपात अर्धं खरं होतं आणि नणंदेच्या डॉक्टरांच्या सांगण्यातही अर्धंच. मी डॉक्टर नाही. पण पन्नाशीला टेकलेय, स्वतः त्याच वाटेवर आहे आणि वाचण्याची खोड आहे. तेव्हा वहिनींना जे त्या दिवशी नीट सांगता आलं नाही, ते इथं सांगते.

पाळी ‘गेली’ कधी म्हणायची?

पुस्तकातला शब्द रजोनिवृत्ती. घरात आपण ‘पाळी गेली’ म्हणतो. सलग १२ महिने पाळी आली नाही आणि त्याला दुसरं कारण नाही, तर पाळी गेली असं डॉक्टर धरतात. म्हणजे शेवटची पाळी शेवटची होती, हे वर्ष उलटल्यावरच कळतं. युरोप-अमेरिकेत हे सरासरी ५१ व्या वर्षी होतं, आपल्याकडं ४६-४७ च्या आसपास. चाळिशीच्या आत पाळी गेली तर ती अकाली, आणि त्या बाईची गोष्ट वेगळी. तिच्याकडं पुढं येते.

मुलगी जन्मते तेव्हा तिच्या अंडाशयांत १० ते २० लाख बीजं असतात. वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात. त्यांतली जेमतेम ४००-५०० आयुष्यभरात दर महिन्याला एक अशी बाहेर पडतात, बाकीची आपोआप जिरून जातात. नवी तयार होत नाहीत. साठा संपत आला की अंडाशय इस्ट्रोजेन बनवणंही थांबवतं. इस्ट्रोजेन हे हार्मोन, म्हणजे रक्तातून फिरून अवयवांना निरोप देणारं रसायन. हा निरोप फक्त गर्भपिशवीला जात नाही. हाडं, मेंदू, रक्तवाहिन्या, त्वचा, मूत्राशय, योनी सगळेच तो ऐकत असतात. त्यामुळं रक्तस्राव थांबणं ही यातली सर्वांत किरकोळ गोष्ट. किंबहुना, तेवढंच झालं असतं तर पेढे वाटले असते.

हंगाम थांबत थांबत संपतो

साखर कारखान्याचा गाळप हंगाम संपत आलेला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना पुढचं चटकन कळेल. कारखाना एका सकाळी धाडकन बंद पडत नाही. ऊस कमी पडायला लागतो. एक दिवस गव्हाणीत ऊसच नाही म्हणून गाळप थांबतं, दुसऱ्या दिवशी चार ट्रॅक्टर एकदम येतात आणि रात्रभर धुराडं पेटतं. चिटबॉय, म्हणजे तोडीच्या चिठ्ठ्या वाटणारा कारखान्याचा माणूस, फडाफडातनं ऊस शोधत, ओरडत फिरत असतो.

अंडाशयाचंही तसंच. पाळी जाण्याआधीची काही वर्षं इस्ट्रोजेन सरळ उतारानं कमी होत नाही, ते वरखाली उसळतं. पाळी कधी वीस दिवसांनी, कधी तीन महिन्यांनी, कधी कपडे खराब करणारी. चिटबॉयचं काम मेंदूखालची पिट्युटरी नावाची ग्रंथी करते. बीजं दाद देईनात की ती एफएसएच नावाचं हार्मोन जास्त सोडून अंडाशयाला हाका मारते. रक्ताच्या तपासणीत ‘एफएसएच वाढलंय’ असं येतं ते यामुळं. पण हा आकडा आज एक, पुढच्या महिन्यात दुसरा. पंचेचाळिशी ओलांडलेल्या बाईला त्या तपासणीची सहसा गरज नसते. तिची पाळी आणि तिची तक्रार पुरेसं सांगते.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. पाळी जाऊन वर्ष झालं आणि पुन्हा अंगावरून रक्त गेलं, मग तो एखादा डाग का असेना, तर ‘पाळी परत आली’ म्हणून घरी बसू नका. लवकरात लवकर तपासून घ्या. बहुतेक वेळा साधं कारण निघतं, पण गर्भपिशवीच्या अस्तराचा कॅन्सर पहिली वर्दी अशीच देतो.

नोव्हेंबरात घाम का फुटतो?

राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे आपल्याकडं पोरासोरांनाही माहीत आहेत. पाणी ठरलेल्या पातळीला पोचलं की कुणी बटण न दाबता दरवाजा उघडतो आणि भोगावतीत पाणी सुटतं. आता समजा, त्या दरवाजाची पातळी बिघडली. धरण अर्धंच भरलंय, तरी दरवाजा उघडतोय.

मेंदूतला हायपोथॅलॅमस नावाचा छोटासा भाग शरीराच्या उष्णतेचा असा दरवाजा सांभाळतो. तिथल्या काही पेशींना इस्ट्रोजेन लगाम घालून असतं. लगाम सुटला की त्या पेशी अति जाग्या होतात, आणि शरीर किंचित तापलं तरी ‘फार तापलं, सोडा बाहेर’ असा हुकूम निघतो. कातडीखालच्या रक्तवाहिन्या फुलतात, तोंड लाल होतं, घाम सुटतो, छाती धडधडते. यालाच वाफ येणं म्हणतात. दोन-चार मिनिटांत ती ओसरते आणि मग हुडहुडी भरते, कारण गरज नसताना उष्णता सोडून दिलेली असते. गरम चहा, तिखट हे कित्येकींना निमित्त पुरतं. मिसळीचे दोन घास का भोवले, ते आता कळलं असेल.

‘चार महिन्यांत जाईल’ असं शेजारणी सांगतात. अमेरिकेत हजारो बायकांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवून झालेल्या अभ्यासात, वारंवार वाफा येणाऱ्या निम्म्याहून अधिक बायकांना हा त्रास सात वर्षांहून जास्त पुरला. सगळ्यांचं तसं होत नाही. काहींना काहीच होत नाही. त्यांच्याकडं बघून बाकीच्या ‘आपलंच मन कमकुवत’ असं समजतात.

आपल्याकडच्या बायका मात्र वाफांपेक्षा दुसऱ्याच तक्रारी जास्त सांगतात. सांधे धरलेत, अंग मोडून येतंय, रात्री तीनला डोळा उघडतो तो मिटतच नाही, उगाच रडू येतं, फ्रिज उघडून ‘मी काय घ्यायला आले होते’ असं होतं. माझी एक मैत्रीण छातीत धडधडतंय म्हणून तीन ठिकाणी ईसीजी काढून आली. पाळीबद्दल तिला कुणी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. तपासण्या करणं चूक नव्हे. थायरॉईडचा आजार आणि रक्तक्षय अशीच सोंगं घेतात, ते पाहूनच घ्यावं. फक्त सगळं ‘नॉर्मल’ आलं की ‘तुम्हाला काही झालेलं नाही’ असं ऐकून घरी यायचं कारण नाही.

लघवीची जळजळ, शिंक आली की लघवी निसटणं, योनी कोरडी पडून संबंधाच्या वेळी दुखणं, हे तर बहिणीलाही सांगितलं जात नाही. आणि वाफा कालांतरानं ओसरतात, हा त्रास उलट वाढत जातो.

गोळीत असतं तरी काय?

जे शरीर बनवेनासं झालं, ते बाहेरून थोडं द्यायचं, एवढीच मूळ कल्पना. मुख्य औषध इस्ट्रोजेन. वाफांवर याच्याइतकं गुणकारी दुसरं काही अजून सापडलेलं नाही.

पण ज्या बाईची गर्भपिशवी जागेवर आहे तिला नुसतं इस्ट्रोजेन द्यायचं नसतं. अस्तर वाढत राहतं आणि त्याचा कॅन्सर होऊ शकतो. हे १९७५ च्या सुमारास स्पष्ट झालं, तोवर अमेरिकेत लाखो बायका नुसतं इस्ट्रोजेन घेत होत्या. ते अस्तर आटोक्यात ठेवायला सोबत प्रोजेस्टेरॉन नावाचं दुसरं हार्मोन देतात. पिशवी काढलेल्या बाईला सहसा ते लागत नाही.

त्या काळची सर्वांत गाजलेली गोळी होती प्रेमारिन, १९४२ पासूनची. ती गाभण घोड्यांच्या मुतापासून बनवत, आणि इंग्रजीतल्या त्याच शब्दांचे तुकडे जोडून तिचं नाव पाडलं होतं. भिशीत हे सांगितल्यावर दोघींनी मिसळीची वाटी खाली ठेवली. आता आपल्या अंडाशयात बनतं तसंच इस्ट्रोजेन मिळतं. ते गोळीतून घेता येतं, तसंच दंडावर चोळायच्या जेलमधून किंवा कातडीवर चिकटवायच्या पट्टीतूनही. हा फरक फॅशनचा नाही. गोळी पोटातून आधी यकृतात जाते आणि तिथं रक्त गोठवणारे घटक वाढवते. कातडीतून गेलेलं औषध हा फेरा टाळतं. त्यामुळं रक्ताची गुठळी होण्याचा धोका गोळीनं वाढतो, तसा नेहमीच्या मात्रेतल्या जेलनं किंवा पट्टीनं वाढलेला दिसत नाही.

कोरडेपणा आणि लघवीच्या तक्रारीसाठी तर योनीत लावायची इस्ट्रोजेनची क्रीम असते. तिची मात्रा इतकी कमी की रक्तात नगण्य उतरते. तिला सगळ्या हार्मोनांच्या भीतीत गुंडाळून बाजूला ठेवलं गेलं, याचा मला सर्वांत जास्त राग येतो.

मग कॅन्सरची भीती आली कुठून?

जुलै २००२ मध्ये अमेरिकेतला एक फार मोठा प्रयोग मध्येच थांबवला गेला. नाव विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह. त्यात १६,६०८ बायकांपैकी निम्म्यांना इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनसारखं एक कृत्रिम औषध, आणि निम्म्यांना नुसती साखरेसारखी, औषध नसलेली पोकळ गोळी दिली होती. बातमी जगभर पसरली : हार्मोनमुळं स्तनाचा कॅन्सर २६ टक्क्यांनी वाढतो. बायकांनी गोळ्या फेकल्या, डॉक्टरांनी लिहायच्या सोडल्या.

आता २६ टक्के म्हणजे किती?

पाऊस लागला की कोल्हापुरात एकच प्रश्न असतो : राजाराम बंधाऱ्यावर किती फूट? ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. ‘पंचगंगा कालपेक्षा २६ टक्क्यांनी वाढली’ असं कुणी सांगायला आलं तर आपण त्याला वेड्यात काढू. २० फुटांवरून २५ वर आली असेल, तर चहा घेऊन या. ३४ वरून ४३ वर गेली असेल, तर चिखली-आंबेवाडीची जनावरं हलवायला हवीत. टक्के साधारण तेच, पण प्रसंग वेगळा.

त्या प्रयोगातले फूट असे होते. पोकळ गोळी घेणाऱ्या १०,००० बायकांमध्ये वर्षाला ३० जणींना स्तनाचा कॅन्सर झाला. औषध घेणाऱ्या १०,००० मध्ये ३८ जणींना. दहा हजारांत आठ जास्त. पक्षाघात २१ वरून २९, हृदयविकार ३० वरून ३७. उलट बाजूला खुब्याचं हाड मोडणं १५ वरून १० आणि मोठ्या आतड्याचा कॅन्सर १६ वरून १०. आठ म्हणजे शून्य नव्हे. त्या आठांतल्या एकीच्या घरी जाऊन ‘धोका किरकोळ होता’ असं कुणी म्हणू नये. पण भिशीत ज्या थाटात ‘कॅन्सर होतोय’ म्हटलं गेलं, तसं हे गणित नाही. शिवाय स्तनाच्या कॅन्सरचं मूळ प्रमाणच आपल्याकडं अमेरिकेपेक्षा कमी आहे, म्हणजे बंधाऱ्यावरचं पाणी आधीच खालच्या फुटांवर.

दुसरी गोष्ट बातमीत शेवटी कुठंतरी होती. त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. बहुतेकींची पाळी जाऊन दहा-बारा वर्षं झालेली, रक्तवाहिन्या आधीच कडक व्हायला लागलेल्या. तिथला निकाल ४८ वर्षांच्या, आजच वाफा सुरू झालेल्या बाईला जसाच्या तसा लावला गेला. तिसरी : गर्भपिशवी नसलेल्या बायकांचा वेगळा गट नुसतं इस्ट्रोजेन घेत होता. तो २००४ मध्ये पक्षाघात वाढला म्हणून थांबवला, पण त्यांच्यात स्तनाचा कॅन्सर वाढलेला नव्हता. हे मात्र कुणाच्या मोबाइलवर आलं नाही. तेव्हा मोबाइलवर असं काही येत नव्हतं, हेही खरं.

अमेरिकेनं आता काढलं ते काय?

२००३ पासून तिथं या औषधांच्या माहितीपत्रकावर काळ्या चौकटीतला इशारा छापला जाई. १० नोव्हेंबर २०२५ ला तिथल्या औषध नियामकानं, एफडीएनं, त्यातला हृदयविकार, स्तनाचा कॅन्सर आणि स्मृतिभ्रंश यांबद्दलचा मजकूर काढायला लावण्याची घोषणा केली. पिशवी असताना नुसतं इस्ट्रोजेन घेतल्यास अस्तराच्या कॅन्सरचा इशारा कायम ठेवला. चौकट हटली म्हणजे धोका हटला असं नव्हे. तो योग्य वयात, योग्य बाईला किती हे नीट मोजून सांगायचं ठरलं. त्या घोषणेबरोबर हृदय आणि मेंदूला होणाऱ्या फायद्यांचे जे ढोल वाजवले गेले, त्यावर तिथल्याच काही तज्ज्ञांनी आक्षेप घेतला. मलाही ते ढोल पटले नाहीत. २००२ ला घाबरवलं तसंच आता भुलवायला नको.

डॉक्टरांच्या संघटनांचं आजचं सर्वसाधारण मत असं : साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत, त्रास असलेल्या आणि बाकी तब्येत धड असलेल्या बाईला धोक्यापेक्षा फायदा जास्त. स्तनाचा कॅन्सर झालेला आहे, पायात किंवा फुप्फुसात गुठळी झाली होती, पक्षाघात किंवा हार्टअटॅक येऊन गेलाय, यकृताचा आजार चालू आहे, अंगावरून रक्त का जातंय ते कळलेलं नाही, अशांना सहसा देत नाहीत. आणि काहीच त्रास नसताना ‘तरुण राहायला’ म्हणून घ्यायचं हे औषध नाही.

“पण हे तर निसर्गानंच ठरवलंय की!”

मोतीबिंदूही निसर्गच देतो. आपण ऑपरेशन करून घेतो आणि पेपर वाचायला बसतो.

“आमच्या आज्जीला काही झालं नव्हतं.” आज्जीला कुणी विचारलं होतं का? माझी आज्जी कमरेत वाकलेली होती. आम्हाला वाटायचं, म्हाताऱ्या बायका अशाच असतात. मणक्याची हाडं आतून पोकळ होऊन दबली की पाठ अशी वाकते. पाळी गेल्यावरच्या पहिल्या पाच-सात वर्षांत हाडं सर्वांत वेगानं झिजतात, दुखत मात्र नाहीत. मनगट मोडल्यावरच पत्ता लागतो. इस्ट्रोजेन ही झीज रोखतं. दूध, ऊन आणि वजन पेलणारा व्यायाम यांनाही सुट्टी नाही. गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध पिणारे आपले पैलवान जगप्रसिद्ध. त्या कट्ट्यावर पेला धरून उभी असलेली पन्नाशीची बाई मी तरी अजून पाहिलेली नाही.

“सोयाबीन खाल्लं तर?” आपल्या जिल्ह्यात पिकतं, जरूर खा. त्यात इस्ट्रोजेनशी थोडं साम्य असलेले घटक असतात, काहींना किंचित फरकही पडतो. गोळीशी तुलना करू नका.

“वजन वाढतं म्हणे.” या वयात वजन पोटावर जमतं ते औषध न घेणाऱ्यांचंही. हार्मोनमुळं ते जास्त वाढतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही.

“हार्मोन नको असतील तर?” काही मानसोपचाराच्या गोळ्या कमी मात्रेत वाफा कमी करतात, झोप आणि चिंता यांसाठीचं समुपदेशन उपयोगी पडतं. वर ज्या जाग्या झालेल्या पेशी सांगितल्या, त्यांनाच शांत करणारं फेझोलिनेटंट नावाचं बिनहार्मोनचं औषध अमेरिकेत मे २०२३ मध्ये मंजूर झालं. त्यात यकृतावर लक्ष ठेवावं लागतं.

पिशवी काढलेल्या बायकांचं काय?

इथं मला थांबायचंय, कारण आपल्या भागात हा प्रश्न जास्त मोठा आहे.

‘पिशवी काढली’ एवढंच बायका सांगतात. पिशवीबरोबर अंडाशयं काढली का, हे बहुतेकींना माहीत नसतं. अंडाशयं ठेवली असतील तर पाळी थांबते पण इस्ट्रोजेन चालू राहतं, कदाचित नेहमीपेक्षा थोडं आधी संपतं. दोन्ही काढली असतील तर हंगाम थांबत थांबत संपत नाही, भर पेटलेल्या कारखान्याची वीज जाते. उद्या सकाळपासून वाफा, निद्रानाश, कोरडेपणा, सगळं एकदम. ही बाई ३५ ची असेल तर तिची हाडं आणि हृदय पंधरा वर्षं आधी उघड्यावर पडतात. तिच्यासाठी २००२ चे आकडे लागूच होत नाहीत. दुसरी मनाई नसेल तर तिनं निदान पाळी जायच्या नैसर्गिक वयापर्यंत हार्मोन घ्यावेत, असंच सांगितलं जातं. तिला मिळतं काय? बहुधा कॅल्शियमच्या गोळ्यांची पट्टी.

दर हंगामात बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या आपल्या कारखान्यांवर उतरतात. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या सर्वेक्षणात १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. सहांतली एक. कित्येक चाळिशीच्या आतल्या. एका दिवसाच्या खाड्याला दंड, पाण्याची-संडासाची सोय नाही, अंगावरून जाण्याचा त्रास, आणि ‘काढून टाका, कटकट मिटेल’ हा सल्ला. त्या टोळ्यांच्या कोप्यांवर, म्हणजे झोपड्यांत, वाफा आलेली बाई पंखा कशाचा लावणार?

दवाखान्यात जाताना

वहिनींना मी शेवटी एवढंच सांगितलं. शेवटची पाळी कधी आली ते लिहून न्या. आईला, मावशीला, बहिणीला स्तनाचा कॅन्सर होता का, ते विचारून जा. ऑपरेशन झालं असेल तर डिस्चार्ज कार्ड शोधा आणि त्यात ‘दोन्ही अंडाशयं’ असं काही आहे का ते वाचून घ्या. रक्तदाब मोजा, स्तनांची तपासणी करून घ्या. आणि डॉक्टर हो म्हणोत की नाही, विचारा : “माझ्यासारख्या हजार बायकांमध्ये किती जणींना?” औषध सुरू झालं तर वर्षातून एकदा, चालू ठेवायचं का, हे पुन्हा ठरवायचं असतं. घेतलं म्हणजे जन्माला चिकटलं, असं नाही.

त्या गेल्या. पहिल्या डॉक्टरांनी “या वयात होतंच असं” म्हणून झोपेची गोळी दिली. दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी अर्धा तास विचारलं, मॅमोग्राफी करायला लावली आणि इस्ट्रोजेनचं जेल आणि रात्रीची एक प्रोजेस्टेरॉनची गोळी लिहून दिली. तीन-चार आठवड्यांत वाफा कमी झाल्या. सांधे अजून दुखतात.

परवा त्यांच्या स्वयंपाकघरात गेले होते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे, गॅस कधी लावला त्याची खूण, आणि मध्येच लाल पेनानं गोल केलेली एक तारीख. सुनेनं विचारलं, “आई, हे कशाचं?” नेहमीच्या वहिनी असत्या तर ‘भिशीचं’ म्हणाल्या असत्या. त्यांनी सुनेला खुर्ची ओढून दिली.